मोठ्या किचनमधला फ्रिज: विजेचा बिघाड मोजून कसा शोधायचा

फ्रिज थंड करत नाही, फ्रिज लावला की ट्रिप होतं, किंवा विजेचा वापर एकाएकी वाढला. मोठ्या किचनमधून फ्रिजची तक्रार येते ती बहुतेक या तिघांपैकीच असते. नवीन माणूस ती ऐकतो आणि थेट मागची जाळी उघडायला बसतो. तसं करू नका. मीटरवर आकडा दिसेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही, आणि तो आकडा घेण्याआधी दहा मिनिटं नुसतं फ्रिजसमोर उभं राहायचं, एवढं जमलं तर निम्मं काम जमलं.

हे मी एका कॉम्प्रेसरवर शिकलो. फ्रिज बंद पडलेला, कॉम्प्रेसरला हात लावून बघवत नव्हता इतका तापलेला. टर्मिनलवर मीटर लावला तर कॉमन पिनेपासून दोन्ही वाइंडिंग (मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळ्या) ओपन, म्हणजे तुटलेली. वाइंडिंग गेलं असं मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन कॉम्प्रेसर घेऊन गेलो आणि जुना काढण्याआधी पुन्हा एकदा मोजलं, तर तिन्ही आकडे व्यवस्थित. कॉम्प्रेसरच्या पोटातला ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, उष्णतेने उघडला होता आणि रात्रभर थंड झाल्यावर आपोआप जुळला होता. खरा बिघाड होता कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या कॉइलच्या, फॅनमध्ये. तेलकट धूळ बसून त्याची मोटर जाम झाली होती. चांगला कॉम्प्रेसर त्या दिवशी थोडक्यात वाचला. त्यानंतर तापलेल्या कॉम्प्रेसरचं वाइंडिंग ओपन दिसलं तर मी निकाल देत नाही, थांबतो. आतला ओव्हरलोड जुळायला कधी कधी एक-दोन तासही लागतात.

आधी बघा, ऐका, विचारा

पहिली गोष्ट नेमप्लेट. किती व्होल्ट, सिंगल फेज की थ्री फेज, रेटेड करंट किती, गॅस कोणता आणि किती ग्रॅम, आणि क्लायमेट क्लास कोणता, हे सगळं वहीत उतरवून घ्या. या लेखातले आकडे 230 व्होल्टच्या सिंगल फेज यंत्राचे आहेत. 115 व्होल्टच्या यंत्रात तेवढ्याच कामाला करंट साधारण दुप्पट दिसेल.

क्लायमेट क्लासकडे फार कमी लोक बघतात. क्लास 4 म्हणजे यंत्राची चाचणी 30 अंश सेल्सिअस आणि 55 टक्के आर्द्रतेला झालेली आहे, क्लास 5 म्हणजे 40 अंश आणि 40 टक्क्यांना. क्लास 4 चा फ्रिज भट्टीशेजारी 38 अंशांत उभा केला असेल तर त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर थांबणारच नाही, आणि तुम्ही कोणताही पार्ट बदललात तरी फरक पडणार नाही. तिथे जागा बदलणं हीच दुरुस्ती.

गॅस आर-290 किंवा आर-600ए असेल तर तो ज्वलनशील आहे हे डोक्यात ठेवूनच पुढचं सगळं करायचं. आर-290 म्हणजे प्रोपेन. हवेत त्याचं प्रमाण साधारण 2 टक्क्यांच्या वर गेलं की ठिणगी पुरते. अशा यंत्राजवळ गळतीची शंका आली तर त्याचं स्विच दाबत बसू नका, आधी हवा खेळती करा. रिले, स्विच किंवा फॅन मोटर बदलायची वेळ आली तर निर्मात्याने त्या यंत्रासाठी दिलेलाच पार्ट बसवा, दिसायला सारखा आहे म्हणून दुसरा नको.

मग ऐका. निरोगी कॉम्प्रेसर सुरू होताना एक हलका हादरा देतो आणि एकसुरात गुणगुणत राहतो. बिघडलेला ‘हम्म्’ करतो, पाच-दहा सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो, शांतता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. तो टक् म्हणजे ओव्हरलोड उघडल्याचा आवाज. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि होत नाहीये, एवढं यावरून नक्की कळतं.

किचनमध्ये काम करणाऱ्यांना विचारा: कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि त्याआधी काय बदललं? ट्रिप ठरावीक वेळेलाच होतं का, हा प्रश्न मुद्दाम विचारा. पुढे त्याचा फार उपयोग होणार आहे.

हात लावण्याआधी

किचनची फरशी ओली असते आणि फ्रिजचं अंग धातूचं असतं, त्यामुळे इथे घाईला जागा नाही. प्लग काढा. कायमची वायरिंग असेल तर आयसोलेटर बंद करून कुलूप लावा, कारण गर्दीच्या वेळी कोणीतरी चांगल्या हेतूनेच येऊन स्विच चालू करतो. मग मीटर आधी चालू सॉकेटवर लावून तो बरोबर दाखवतोय ना ते बघा, नंतर फ्रिजच्या टर्मिनलवर शून्य बघा, आणि पुन्हा एकदा चालू सॉकेटवर तपासा. ही तिसरी पायरी लोक गाळतात. मीटरची वायर मधेच तुटली असेल तर पडद्यावर शून्यच दिसतं, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून बोट पुढे जातं. नुसत्या पेन टेस्टरवर तर मुळीच विसंबू नका.

कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. 20 किलोओहमचा 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या क्लिपांनी काही सेकंद दोन्ही टोकांना लावून धरा आणि डीसी व्होल्टवर शून्य आलं की मगच हात लावा. आणि कॉम्प्रेसरच्या टर्मिनलचं झाकण उघडं ठेवून त्याला कधीही सप्लाय द्यायचा नाही. बिघडलेलं टर्मिनल आतल्या दाबाने उडू शकतं आणि त्यासोबत गरम तेल आणि गॅस बाहेर येतो.

चालू लाईनवर मोजण्याचं प्रशिक्षण नसेल तर पुढची चालू मोजमापं जाणकार इलेक्ट्रिशियनसोबत करा. गॅसच्या सर्किटला मात्र परवाना असलेल्या माणसानेच हात लावायचा.

सॉकेटपासून सुरुवात

फ्रिज बंद असताना सॉकेटवर व्होल्टेज मोजा, मग कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी मोजा, आणि मग तो चालत असताना. तीन आकडे. पहिला 232, दुसरा 226, तिसरा 230 असेल तर सप्लाय ठीक आहे. पहिला 232 आणि दुसरा 185 असेल तर कॉम्प्रेसरला दोष देऊ नका. वायर बारीक आहे, लांब एक्स्टेंशन लावलंय किंवा कुठेतरी जोड सैल आहे. चालू असताना व्होल्टेज नेमप्लेटच्या 10 टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे, म्हणजे 230 च्या यंत्राला 207 च्या खाली नको.

सैल जोड किती नुकसान करतो ते एकदा आकड्यांत बघा. प्लगच्या पिनेवर फक्त अर्ध्या ओहमचा रोध तयार झाला आणि कॉम्प्रेसर 3 अँपिअरवर चालतोय, तर त्या एवढ्याशा जागी साडेचार वॅट उष्णता सतत तयार होते. सुरू होताना करंट चालू करंटच्या पाच-सहा पट जातो. 18 अँपिअरला तीच जागा क्षणभर 162 वॅटचा हीटर होते आणि 9 व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. हे दिवसातून कित्येक वेळा. म्हणून प्लग काढला की पिना उजेडात धरून बघा. एकाच पिनेच्या बुडाशी तपकिरी डाग, प्लास्टिक किंचित फुगलेलं, जळक्या बेकेलाइटचा वास, यातलं काही दिसलं तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायचे. एकच बदललात तर जुन्यातली ढिली पट्टी नव्यालाही जाळते.

हीच युक्ती कंट्रोलरच्या रिलेवर आणि कंटॅक्टरवर (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचवर) चालते. बंद झालेल्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांवर, लोड चालू असताना, व्होल्टेज जवळजवळ शून्य यायला हवं. तिथे 5-10 व्होल्ट दिसले तर कॉन्टॅक्टला कार्बन धरलाय. पूर्ण 230 दिसले तर तो कॉन्टॅक्ट जोडलाच गेलेला नाही.

थ्री फेजच्या मोठ्या यंत्रात तिन्ही फेजांमधलं व्होल्टेज मोजून घ्या. एक फेज गेला तर मोटर गुणगुणते आणि तापते. तिघांत 2 टक्क्यांहून जास्त असमतोल असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या.

कॉम्प्रेसर सुरू होत नाही तेव्हा

प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामा करून, रिले आणि ओव्हरलोड बाजूला काढा. आता तीन पिना दिसतील: कॉमन, स्टार्ट आणि रन. तिन्ही जोड्या मोजा. कॉमन-रन सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन-स्टार्ट या दोघांची बेरीज. उदाहरणार्थ 4, 9 आणि 13 ओहम. बेरीज जुळली की वाइंडिंग सलग आहे. मग प्रत्येक पिनेपासून कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत मोजा. पेंट खरवडून उघड्या तांब्याच्या नळीवर प्रोब टेकवा, नाहीतर पेंटमुळे खोटा दिलासा मिळतो. तिथे काहीच कंटिन्युटी नको.

वाइंडिंग ठीक असेल तर संशय बाहेरच्या पार्टवर. पीटीसी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा, तापला की रोध वाढणारा पार्ट) कानाजवळ धरून हलवा. आत खुळखुळ झाली तर आतली चकती फुटली आहे. थंड असताना त्याचा रोध काही ओहम ते काही दशक ओहम असायला हवा. जुन्या पद्धतीच्या करंट रिलेत आतला दांडा हलतोच, त्याच्या आवाजावरून निकाल देऊ नका. बाहेरचा ओव्हरलोड थंड असताना सलग दिसला पाहिजे. रन कॅपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये मोजा आणि त्याच्यावर छापलेल्या मर्यादेशी ताडून बघा. ही मर्यादा बहुधा 5 किंवा 10 टक्के असते. फुगलेला किंवा तेल गळणारा असेल तर मोजायची गरजच नाही.

एक गोष्ट नवख्यांना फार चकवते. वीज क्षणभर गेली आणि लगेच आली, की चांगला कॉम्प्रेसरसुद्धा सुरू होत नाही. पीटीसी अजून गरम असतो आणि गॅसचे दोन्ही बाजूंचे दाब समान झालेले नसतात, त्यामुळे ओव्हरलोड उघडतो आणि टक् टक् सुरू होतं. पाच मिनिटं सप्लाय बंद ठेवा आणि मग लावा. चालला, तर कॉम्प्रेसर नव्हे, वारंवार झटके देणारा सप्लाय तुमचा रुग्ण आहे. कंट्रोलरमध्ये स्टार्ट डिले (सुरू होण्याआधीचा थांबा) असेल तर तो तीन ते पाच मिनिटांवर ठेवा.

लावला की ट्रिप होतं

आधी बघा काय पडलं. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) लावताक्षणी पडली तर शॉर्ट. काही सेकंद गुणगुण होऊन पडली तर कॉम्प्रेसर जाम आहे किंवा सुरू होत नाहीये. आरसीसीबी (गळती झाली की पडणारा स्विच) पडली तर करंट अर्थमध्ये गळतोय, आणि तिथे शोधायची पद्धत वेगळी.

आता तो वेळेचा प्रश्न आठवा. फ्रिज दर सहा तासांनी ट्रिप होत असेल तर कंट्रोलरमधली डिफ्रॉस्टची, म्हणजे आतला बर्फ वितळवण्याची, वेळ बघा. सहा तासच निघाले, तर डिफ्रॉस्ट हीटरकडेच जा. हीटरच्या नळीत तार आणि धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. टोकाचं रबर चिरलं की ती पूड ओलावा शोषते आणि करंट गळायला लागतो. हीटर तापला की ओलावा उडतो आणि गळती कमी होते, म्हणून असा बिघाड कधी दिसतो, कधी नाहीसा होतो, आणि माणसं आरसीसीबीलाच दोष देऊन ती बदलतात. तिला बायपास तर कोणत्याही परिस्थितीत करू नका. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या आणि त्या फ्रिजच्या मध्ये तेच शेवटचं संरक्षण आहे.

शोधण्यासाठी एकेक लोड सुटा करा: डिफ्रॉस्ट हीटर, ड्रेन हीटर, दाराच्या चौकटीचा हीटर, दोन्ही फॅन, कॉम्प्रेसर. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावण्याआधी पूर्ण सोडवून ठेवा, नाहीतर तो जळेल. मग 500 व्होल्ट डीसीवर प्रत्येक लोडचं अंगाशी इन्सुलेशन मोजा. 1 मेगाओहमच्या खाली गेलेला पार्ट संशयित. व्हॅक्यूममध्ये असलेल्या कॉम्प्रेसरला मेगर लावू नये, आत ठिणगी पडून वाइंडिंग खराब होतं.

मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या चिमट्यात घ्या. गळती नसेल तर दोघांचे करंट एकमेकांना रद्द करतात आणि शून्य दिसतं, जे उरतं ती गळती. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी 15 ते 30 च्या मध्ये कुठेही पडू शकते. तिच्यावर चार यंत्रं असतील आणि प्रत्येक पाच-पाच गळवत असेल, तर दोष एकट्या फ्रिजचा नाही.

चालतो, पण वीज खातो

इथे क्लॅम्प मीटर एकटा पुरत नाही. क्लॅम्पवर 2.5 अँपिअर दिसले म्हणून 575 वॅट धरायचे नाहीत. पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरी वीज किती, ते प्रमाण) 0.65 असेल तर प्रत्यक्षात साधारण 374 वॅटच लागतात. (क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्यायची, पूर्ण केबल नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.) वॅट आणि युनिट दाखवणारा मीटर लावा आणि तो किमान 24 तास राहू द्या. सोबत किचनचं तापमान आणि दार किती उघडलं जातं ते लिहा.

पहिला आकडा कॉम्प्रेसर थांबलेला असतानाचा घ्या. माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका आकडा हाच. त्या वेळी फक्त आतले फॅन, दाराचा हीटर आणि कंट्रोलर चालू असायला हवेत. समजा फॅन 70 वॅट आणि दाराचा हीटर 50, तर 120 ते 130 दिसावेत. तिथे 620 दिसले आणि डिफ्रॉस्टची वेळ नसेल, तर डिफ्रॉस्टच्या रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटलाय. 500 वॅटचा हीटर वीस-वीस मिनिटं चार वेळा चालला तर दिवसाला 0.67 युनिट. तोच दिवसभर चालू राहिला तर 12 युनिट, शिवाय त्याची उष्णता बाहेर काढायला कॉम्प्रेसर वेगळा राबतो. हीटरचा रोध पडताळायचा असेल तर व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट: 230 चा वर्ग 52,900, भागिले 500, म्हणजे साधारण 106 ओहम.

दुसरा आकडा कॉम्प्रेसर दिवसात किती तास चालला. 350 वॅटचा कॉम्प्रेसर 14 तास चालला तर 4.9 युनिट, 22 तास चालला तर 7.7. हा फरक कॉम्प्रेसर बदलून भरून निघत नाही, कारण तो जास्त का चालतोय ते बहुतेक वेळा विजेच्या बाहेर सापडतं.

कंडेन्सर कॉइल टॉर्च लावून बघा. किचनमधली धूळ कोरडी नसते. तेलाच्या वाफेने ती फिन्सवर चामड्यासारखी बसते. वरून स्वच्छ दिसणारी कॉइलसुद्धा टॉर्चचा उजेड पलीकडे जात नसेल तर बंदच समजा. सप्लाय बंद करून, फिन्सच्या दिशेने मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, आणि चिकटपणा असेल तर कॉइलसाठीचं डिग्रीसर. महिन्यातून एकदा तरी हे व्हावं, तळणीजवळच्या यंत्राला त्याहून लवकर. सफाईच्या आधी आणि नंतर कॉम्प्रेसरचा करंट मोजून ठेवा. तो उतरलेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की किचनमधली माणसंही सफाई टाळत नाहीत.

दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंना, प्रत्येक वीतभर अंतरावर. जिथे पट्टी सहज सुटते तिथून दमट हवा आत जाते, तीच आत बर्फ होते. रबर आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून घ्या, पुष्कळदा चिकटलेल्या मळानेच ते बसत नसतं.

आत हवा फिरत नसेल तर दाराचा स्विच बोटाने दाबून फॅनचा आवाज ऐका. हा छोटा स्विच अडकला की दार बंद असूनही फॅन थांबलेला राहतो, इव्हॅपोरेटरवर (आतल्या थंड करणाऱ्या कॉइलवर) बर्फाची भिंत चढते आणि तक्रार येते ‘थंड करत नाही’. थर्मोस्टॅट कोणी उणेमध्ये फिरवून ठेवला नाही ना तेही बघा. फ्रिजला 1 ते 4 अंश पुरेत, फ्रीझरला उणे 18.

पडद्यावरचं तापमान खरं की खोटं

मधल्या शेल्फवर पाण्याचा ग्लास, त्यात थर्मामीटर, काही तास. तो आणि पडदा यांत दोन-तीन अंशांहून जास्त फरक असेल तर सेन्सर काढून बर्फ आणि थोड्या पाण्याच्या मिश्रणात बुडवा, म्हणजे 0 अंश मिळतं. पुष्कळ एनटीसी सेन्सर (तापमान वाढलं की रोध कमी होणारे) 25 अंशांना 10 किलोओहम दाखवतात, 0 अंशांना साधारण 27 ते 33. दुसऱ्या प्रकारचे सेन्सरही असतात, म्हणून कंट्रोलरच्या माहितीपत्रकातला तक्ता बघूनच निकाल द्या. सेन्सर चांगला निघाला तर तो क्लिपमधून निसटून दाराजवळ लोंबकळत नव्हता ना, हे आठवून बघा.

वीज ठीक, तरी थंड नाही

व्होल्टेज बरोबर, दोन्ही फॅन चालू, कॉइल स्वच्छ, कॉम्प्रेसर अखंड चालतोय, पण त्याचा करंट नेहमीपेक्षा बराच कमी. मागचं पॅनल उघडून इव्हॅपोरेटर बघा. गॅस जिथून आत शिरतो तेवढ्याच टोकाला बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) अडकली आहे. कंडेन्सर तुंबलेला असतो तेव्हा याच्या उलट, करंट चढतो. इथे मीटरचं काम संपलं. यंत्र बंद करा, आतला माल दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवा, आणि तुम्ही घेतलेले सगळे आकडे तारखेसह कागदावर लिहून पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटवा. गॅसचं काम करणारा येईल तेव्हा त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.